जहाज मिल्या क्या?

आमच्या मोहल्ल्यात लग्नाच्या दावतीला गेले की जेवणाचे ताट समोर येण्याआधी एक प्रश्न येत असे. विचारणारी कधी शेजारची खाला असे, कधी दूरच्या नात्यातली फुफी, तर कधी जिची माझी धड ओळखही नाही अशी कुणी. प्रश्न मात्र तोच. "क्या गे, तेरे भाई कू जहाज मिल्या क्या?"

पाच वर्षे मी या प्रश्नाला "नहीं खाला, अभी नहीं" असे उत्तर दिले. पहिल्या वर्षी हसून दिले. दुसऱ्या वर्षी समजावून सांगितले, की आधी अर्ज करावा लागतो, मग बोलावणे यावे लागते, मग परीक्षा, मग मुलाखत. तिसऱ्या वर्षी दावतींना जाणेच कमी केले. विचारणाऱ्यांचे काही चुकत नव्हते. रिक्षाचे लायसन्स काढले की माणूस रिक्षा चालवतो, ट्रकचे काढले की ट्रक. मग विमानाचे लायसन्स काढून घरी बसलेल्या मुलाला लोकांनी काय समजावे?

मी सोलापुरातल्या एका उर्दू शाळेत शिक्षिका आहे. सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. माझा भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान. घरात त्याला सगळे छोटे म्हणतात, म्हणून इथेही छोटेच लिहिते. आमचे अब्बा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. सुट्टीच्या दिवशी ते छोटेला सायकलच्या दांडीवर बसवून होटगी रोडच्या विमानतळाकडे नेत. तिथे विमान क्वचितच दिसे. कुणी मंत्री आला तर एखादे, नाहीतर कुंपणापलीकडे नुसती लांबलचक धावपट्टी आणि तिच्यावरून वाहणारा वारा. इतर मुले विमान पाहून पायलट व्हायचे ठरवतात. आमच्या छोटेने रिकामी धावपट्टी पाहून ठरवले.

दहावीपर्यंत तो उर्दूत शिकला. बलाला आम्ही कुव्वत म्हणतो, त्वरणाला इसराअ. अकरावी सायन्सला गेल्यावर तेच फोर्स आणि ॲक्सिलरेशन झाले. पुढे विमानाच्या रेडिओवर बोलायला शिकताना तर इंग्रजी आकडेही नव्याने शिकावे लागले. तिथे नऊला 'नाइनर' म्हणतात, पाचला 'फाइफ', तीनला 'ट्री'. आवाज फाटला तरी आकडा चुकू नये म्हणून. छोटे रात्री गच्चीवर उभा राहून खालून जाणाऱ्या गाड्यांचे नंबर याच भाषेत मोठ्याने वाचत असे. अम्मीला बरेच दिवस वाटत होते, पोरगा कुठला तरी वजीफा पढतो आहे.

पायलटच्या लायसन्ससाठी काय लागते, हे मला त्याच्यामुळे कळले. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित. वैद्यकीय तपासणी, तीही साधी नव्हे. त्यासाठी तो बंगळुरूला हवाई दलाच्या संस्थेत जाऊन आला. दिशाज्ञान, हवामान, कायदे, विमानाची यंत्रणा अशा विषयांच्या सरकारी परीक्षा, प्रत्येकात १०० पैकी ७० गुण. आणि २०० तासांचे उड्डाण, त्यातले १०० तास स्वतः कॅप्टन म्हणून, शिवाय रात्रीचे उड्डाण वेगळे. हे सगळे मिळून आम्हाला ३८ लाख रुपये लागले. अब्बा २०१५ मध्ये निवृत्त झाले. त्यांचा फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून ९ लाख. विजापूर रोडला त्यांनी कधीकाळी स्वस्तात घेतलेला प्लॉट विकून १४. उरलेल्या १५ लाखांसाठी राहते घर बँकेकडे गहाण. सही करताना अब्बा बँकेच्या साहेबांना म्हणाले होते, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या सुरू करून दिल्या साहेब, आता घरची एक करतो."

२०० तास ऐकायला फार नाहीत. रोज पाच तास धरले तर ४० दिवस. प्रत्यक्षात छोटेला अडीच वर्षांहून जास्त लागली. पावसाळ्यात उड्डाण नाही, धुक्यात नाही, विमान दुरुस्तीला गेले तर नाही, शिकवणारे नोकरी सोडून गेले तर नाही. एकदा तर सव्वा महिना सगळी विमाने जमिनीवर होती आणि मुले होस्टेलचे भाडे भरत आकाशाकडे पाहत बसली होती. अखेर मार्च २०१९ मध्ये त्याच्या हातात लायसन्स आले. अम्मीने मोहल्ल्यात पेढे वाटले. "जहाज मिल्या क्या?" या प्रश्नाची सुरुवात त्या पेढ्यांपासूनच झाली.

१७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचे शेवटचे विमान उतरले आणि कंपनी बंद पडली. आम्ही ती बातमी टीव्हीवर पाहिली. आपल्या घराशी तिचा काही संबंध आहे हे मला कळलेच नाही. छोटेला कळले. तो जेवता जेवता थांबला. हजारो तास उडवलेले पायलट त्या रात्री बेकार झाले होते आणि उद्यापासून ते त्याच रांगेत येऊन उभे राहणार होते, जिथे आमचा २०० तासांचा छोटे उभा होता. मग २५ मार्च २०२० ला देशातली सगळी प्रवासी उड्डाणे थांबली. दोन महिन्यांनी सुरू झाली, पण नवीन भरती कुठली? असलेल्यांचेच पगार कापले जात होते. त्या काळात बँकेने सहा महिने हप्ता थांबवला. व्याज थांबवले नाही.

आता थोडे माझ्याविषयी सांगायला हवे, कारण वाट पाहण्यात मी स्वतःला उस्ताद समजत होते. २०१० मध्ये मी बी.एड. झाले. पाठोपाठ राज्यात शिक्षक भरती बंद झाली. २०१३ च्या डिसेंबरात पहिली टीईटी दिली. २०१७ च्या डिसेंबरात अभियोग्यता चाचणी दिली. पवित्र पोर्टलची यादी लागली ती ऑगस्ट २०१९ मध्ये. नऊ वर्षे. त्या नऊ वर्षांत मी विनाअनुदानित शाळांतून कधी २ हजारांवर, कधी ३ हजारांवर शिकवले, घरी शिकवण्या घेतल्या, लग्न झाले, दोन मुले झाली. नेमणूक मिळाली तीही शिक्षण सेवक म्हणून, महिना ६ हजार मानधनावर. म्हणजे ज्या वर्षी माझी वाट संपली, त्याच वर्षी छोटेची सुरू झाली. मी त्याला वडीलकीच्या सुरात सांगत असे, "सबर कर. मी नाही का केली?"

माझे चुकत होते, आणि कुठे चुकत होते हे समजायला मला दोन वर्षे लागली. माझी बी.एड.ची पदवी नऊ वर्षे लोखंडी कपाटात, अम्मीच्या शालीखाली पडून होती. बाहेर काढली तेव्हा जशीच्या तशी होती. पायलटचे लायसन्स तसे नसते. ते दुधासारखे आहे, ठेवून दिले की नासते. वैद्यकीय तपासणी दरवर्षी. ढगांत, धुक्यात केवळ उपकरणांवर विसंबून विमान चालवण्याची परीक्षा दरवर्षी, आणि त्यासाठी विमान भाड्याने घ्यायचे. इंग्रजी बोलण्याचा दाखला, त्याला निराळी मुदत. एखादी तारीख चुकली की लायसन्स हातात असून नसल्यासारखे. म्हणजे मी वाट पाहत होते तेव्हा मला फक्त दिवस लागत होते. छोटेला नुसते आहे तिथे उभे राहायला दरवर्षी दीड-दोन लाख रुपये लागत होते. अम्मीच्या बांगड्या २०२० च्या तपासणीत गेल्या, गळ्यातले २०२१ मध्ये.

माझ्या मिस्टरांचे झेरॉक्स आणि टायपिंगचे दुकान आहे. छोटेचे सगळे अर्ज तिथून निघत. आता अर्ज संगणकावरून जातात, तरी प्रत्येकाची एक प्रत काढून निळ्या फाइलीत लावायची, असा छोटेचा नेम. मिस्टरांनी कधी पैसे घेतले नाहीत, मात्र त्यांनी वहीत नोंद ठेवली होती. एकदा सहज पाहिली. २०२१ च्या अखेरपर्यंत ६३ अर्ज. मुलाखतीचे बोलावणे शून्य. बहुतेकांना 'मिळाला' एवढेही उत्तर नव्हते.

मोहल्ल्यात तोपर्यंत दुसरे एक बोलणे सुरू झाले होते. "नाम देख के फेंक देते होंगे." हे आमच्याकडे कुणालाही पटकन पटते, कारण घर भाड्याने घेताना, नोकरी शोधताना असा अनुभव आलेला माणूस प्रत्येक गल्लीत भेटतो. मलाही पटले. मी छोटेला म्हटले. तो फाइल बंद करत म्हणाला, "आपा, माझ्या बॅचला बावीस मुलं होती. सगळ्या आडनावांची. त्यातली सतरा घरी बसलीत. ज्या दिवशी ती सतरा उडायला लागतील आणि मी एकटा खाली राहीन, त्या दिवशी मी हे बोलेन. तोपर्यंत हे बोललो तर अभ्यास सुटेल."

त्याच सुमारास मी मार्लन ग्रीन या अमेरिकन वैमानिकाविषयी वाचले. हा कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेच्या हवाई दलात पायलट होता. प्रवासी विमान कंपन्या तेव्हा कृष्णवर्णीयांना घेत नसत. १९५७ मध्ये त्याने कॉन्टिनेंटल एअरलाइन्सकडे अर्ज केला, तेव्हा वंशाचा रकाना कोरा ठेवला आणि फोटो लावला नाही. बोलावणे आले. चाचणीही झाली. पण ज्या गोऱ्या उमेदवारांना घेतले त्यांच्यापेक्षा उड्डाणाचे तास जास्त असूनही त्याला घेतले नाही. तो राज्याच्या आयोगाकडे गेला, तिथून कोर्टात, आणि २२ एप्रिल १९६३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. प्रत्यक्ष नोकरी मिळाली ती १९६५ मध्ये. म्हणजे अर्जापासून आठ वर्षांनी. १९७८ पर्यंत त्याने त्याच कंपनीत विमान चालवले.

मी हे छोटेला वाचून दाखवले. मला वाटले होते, अन्यायाची गोष्ट ऐकून तो पेटून उठेल. त्याने एवढेच विचारले, "त्याचे तास जास्त होते हे सिद्ध कशावरून झालं?" मी म्हटले, कागदावरून, नोंदींवरून. तो म्हणाला, "बघ. कोर्टात जायचं तरी आधी लॉगबुक भरलेलं पाहिजे."

२०२२ च्या जुलैत पहिले बोलावणे आले. दिल्लीला परीक्षा. लेखी पेपरात तो पास झाला. दुसऱ्या दिवशी संगणकावर चाचणी होती; पडद्यावरचा ठिपका हाताने जागेवर धरून ठेवायचा, त्याच वेळी कानात येणारे आकडे लक्षात ठेवायचे आणि मधेच दिसणारी गणिते सोडवायची. तिथे तो बाद झाला. मुलाखतीच्या खोलीपर्यंत पोचलाच नाही. रेल्वेने परत आला, दोन दिवस झोपला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा फाइल घेऊन बसला.

त्या रात्री मी ते बोलले, ज्याची मला आजही थोडी लाज वाटते. आम्ही घरात दखनी बोलतो, इथे मराठीत लिहिते. मी म्हटले, "छोटे, आता बस कर. अब्बांचं वय बघ. २१ हजारांचा हप्ता बघ. मोबाईलचं दुकान टाक, नाहीतर पुण्याच्या क्लासमध्ये शिकवतोस तेच कायम कर." वर्गात मी मुलांना रोज सांगते, प्रयत्न सोडू नका. घरी मी माझ्या भावाला प्रयत्न सोड असे सांगत होते.

तो शांतपणे म्हणाला, "आपा, आम्ही व्ही-वन ओलांडलाय."

व्ही-वन म्हणजे काय, ते त्याने मला दिल्लीला जाण्याआधीच शिकवले होते. विमान धावपट्टीवर धावू लागले की एक ठरावीक वेग येतो. त्याच्या आत काही बिघडले तर थांबायचे. तो ओलांडला की एक इंजिन बंद पडले तरी थांबायचे नाही, उडायचेच. कारण पुढे उरलेली धावपट्टी थांबायला पुरणार नाही. ऐकायला फार सुंदर. पण मी गणिताची शिक्षिका आहे. मी विचारले, "हा वेग ठरवतं कोण?"

"उडण्याआधी काढलेला असतो. विमानाचं वजन किती, धावपट्टी किती लांब, वारा कुठून, तापमान किती, त्यावरून."

"मग आपण तो कधी काढला? धावपट्टी अब्बांच्या प्लॉटची होती, अम्मीच्या बांगड्यांची होती. ती किती उरलीय, हे तू एकदा तरी मोजलंस का?"

तो काही बोलला नाही. अम्मी स्वयंपाकघरातून दारात येऊन उभी राहिली. मग अब्बा उठले, कपाटातून मुलांची चौरेघी वही आणली, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "चल, हिसाब लगाव."

त्या रात्री पहिल्यांदा आम्ही हिशेब मांडला. कर्ज किती उरले, हप्ता कोण किती देणार, पुण्याच्या क्लासमध्ये शिकवून छोटेला मिळणारे १५ हजार, माझे मानधन, मिस्टरांचा हातभार. दरवर्षीच्या तपासण्यांचा खर्च. त्यावरून निघाले, की घर न गमावता आपण ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत लायसन्स जिवंत ठेवू शकतो, त्यापुढे नाही. छोटेने ती तारीख स्वतः वहीत लिहिली आणि खाली सही केली. गंमत म्हणजे तारीख ठरल्यावर तो सुटल्यासारखा दिसला. तोपर्यंत त्याला रोज सकाळी उठून नव्याने ठरवावे लागत होते, की आज सोडायचे की नाही. आता दोन वर्षे तो प्रश्नच नव्हता. फक्त काम होते.

काम त्याने कसे केले तेही सांगते, कारण मला वाटते चिकाटी म्हणतात ती इथेच कुठेतरी होती. आधी तो एकच बायोडाटा साठ ठिकाणी पाठवत असे. आता दर तीन महिन्यांनी त्यात नवीन काय आले ते आधी लिहायचे आणि मगच पाठवायचा: तपासणी झाली, उड्डाणाचे तास वाढले, अमुक विषय इतक्या मुलांना शिकवला. नवीन काही नसेल तर पाठवायचा नाही, आधी काही मिळवायचे. दिल्लीला ज्या चाचणीत बाद झाला ती रोज पाऊण तास, मिस्टरांच्या दुकानातल्या जुन्या संगणकावर, दुकान बंद झाल्यावर. पहाटे हवामान आणि दिशाज्ञान. पुण्यात शिकवण्याचा त्याला असा फायदा झाला, की मुलांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर पक्के झाले. शिकवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

तो घरी आला की आमच्या स्वयंपाकघरात मुलाखत होई. मी पोळ्या लाटत प्रश्न विचारी आणि तो पाटावर बसून उत्तरे देई. विषयाचे प्रश्न त्याने मला लिहून दिले होते. एक प्रश्न मात्र माझा होता. "२०१९ पासून इतकी वर्षं काय केलंत?" या प्रश्नाला तो दर वेळी अडखळे. आवाज खाली जाई. जेट बंद पडली, कोविड आला, मग २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्ट बंद पडली आणि पुन्हा अनुभवी पायलट रांगेत आले, असे कारणांमागून कारण सांगू लागे. सगळी खरी. पण ऐकताना वाटे, मुलगा माफी मागतो आहे.

एकदा मी लाटणे खाली ठेवले आणि त्याला प्रेम माथुर यांची हकीकत सांगितली. भारतातल्या पहिल्या महिला व्यावसायिक वैमानिक. १९४७ मध्ये लायसन्स मिळवले आणि बाई म्हणून आठ कंपन्यांनी नकार दिला. शेवटी आपल्या शेजारच्या हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने घेतले. १९४९ मध्ये त्यांनी राष्ट्रीय हवाई शर्यत जिंकली. मी म्हटले, "आठ नकार पडले, म्हणजे नववा अर्ज तयार होता. नकार त्यांनी दिले, त्यांचा जबाब तू कशाला देतोस? तू तुझं सांग." त्या दिवसापासून त्याचे उत्तर बदलले. कारणे गेली. तपासण्यांच्या तारखा आल्या, शिकवलेल्या मुलांची संख्या आली, दिल्लीला कुठे चुकले आणि त्यावर काय केले ते आले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये एका लहान विमान कंपनीचे बोलावणे आले. लेखी झाली, संगणकाची चाचणी झाली, सिम्युलेटर झाले आणि चौथ्या टप्प्यावर, लायसन्स मिळाल्यापासून साडेपाच वर्षांनी, माझा भाऊ मुलाखतीच्या खोलीत जाऊन बसला. समोर तीन माणसे. त्याने मला रात्री फोन केला. "आपा, तुझाच प्रश्न पहिला होता."

निकाल मात्र आला नाही. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. ३१ डिसेंबरला छोटे पुण्याहून आला. त्याने निळी फाइल मिस्टरांच्या दुकानात नेऊन वरच्या फळीवर ठेवली. पुण्याच्या क्लासला कायमच्या नोकरीसाठी होकार कळवला. मी म्हटले, "अरे, निकाल यायचाय अजून. थोडं थांब." तो म्हणाला, "आपा, सही केलीय." त्या क्षणी मला माझ्या भावाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढे निकालाच्या दिवशीही वाटला नाही. आमच्याकडे लोक हट्टालाच चिकाटी म्हणतात. हट्टी माणूस तारीख पाळत नाही.

मार्च २०२५ मध्ये पत्र आले. निवड झाली होती. प्रशिक्षणाचा खर्च पगारातून कापून घेणार, काही वर्षे नोकरी सोडायची नाही, अशा अटी. अम्मीने या वेळी पेढे वाटले नाहीत. म्हणाली, "पहले उडने दो."

इथे एक गोष्ट लिहिल्याशिवाय हा लेख संपवणे बरोबर होणार नाही. छोटेच्या बॅचमधल्या त्या सतरा जणांपैकी काही आज उडतात, काही नाहीत. एक विमा विकतो. एकाने वडिलांचे किराणा दुकान सांभाळले. एक मुलगी बँकेत लागली. त्यांची चिकाटी कमी पडली असे मी म्हणणार नाही, कुणी म्हटले तर ऐकूनही घेणार नाही. तेही पहाटे उठत होते. त्यांची धावपट्टी आधी संपली, एवढेच. वर्गात "कोशिश करनेवालों को सब मिलता है" असे मी पूर्वी बिनधास्त सांगत असे. आता तसे सांगत नाही. मी सांगते, कोशिश कर, पण वहीत मांडून कर. आणि तुझ्या कोशिशीचे पैसे कोण भरते आहे, ते पहिल्या पानावर लिही.

सोलापूरच्या विमानतळाचीही एक वाट पाहणी होती. मधे काही काळ मुंबईची सेवा चालून बंद पडली होती. साखर कारखान्याची उंच चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून वर्षानुवर्षे वाद चालला. १५ जून २०२३ ला ती चिमणी पाडली. काहींना आनंद झाला, कारखान्याच्या सभासदांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यानंतरही दोन वर्षे गेली आणि ९ जून २०२५ ला गोव्याची विमानसेवा सुरू झाली.

त्या दिवशी अब्बा म्हणाले, चल. आता ते सायकल चालवत नाहीत, मी त्यांना स्कूटीवर नेले. होटगी रोडला माणसे जमली होती, पोरे भिंतीवर चढली होती. त्या विमानात आमचा छोटे नव्हता. तो तेव्हा दूर दुसऱ्या शहरात सिम्युलेटरच्या बंद खोलीत बसून इंजिन बंद पडल्यावर काय करायचे ते शिकत होता. विमान आले, त्या रिकाम्या धावपट्टीवर टेकले, पंख्यांचा आवाज हळूहळू कमी झाला. शेजारच्या एका माणसाने अब्बांना ओळखले आणि सवयीने विचारले, "क्या चचा, बच्चे कू जहाज मिल्या क्या?"

अब्बांनी लगेच उत्तर दिले नाही. आयुष्यभर इंजिनाचा आवाज ऐकलेला तो माणूस डोळे बारीक करून त्या विमानाकडे बघत होता. पंखे पूर्ण थांबल्यावर म्हणाले, "हौ. सीखरा है."